टिपणीसांची चकचकीत कॅमरी

रियाधला थंडी पडते, हे सदानंद टिपणीस पनवेलच्या नातेवाइकांना चौदा वर्षं पटवून देत होता आणि चौदा वर्षं ते फोनवर हसत होते. वाळवंटात कसली आलीय थंडी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एकदा जानेवारीतल्या पहाटे पाच वाजता मलज भागातल्या त्याच्या इमारतीखाली, चार अंशांत, उत्तरेच्या वाऱ्यात, हातात ओलं फडकं देऊन उभं करायला हवं होतं. मग किती हसतात ते कळलं असतं.

या दिवसांत तिथे गाडीचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. दिवसभर उडालेली बारीक धूळ रात्री टपावर बसते, पहाटेच्या दवाने ती घट्ट धरते, आणि मधूनच कधी पाऊस आला तर तो पाऊस नसतोच, वरून कोणी पातळ चिखल शिंपडावा तसं काहीतरी असतं. दोन दिवसांत पांढऱ्या गाडीचा रंग चहाच्या चोथ्यावर जातो. शहाणी माणसं अशा वेळी वायपर फिरवून काचेवर दोन कमानी मोकळ्या करतात आणि त्यातून बघत ऑफिस गाठतात. उरलेली गाडी मार्चमध्ये धुवायची असते, हे सगळ्या शहराने न ठरवता ठरवून टाकलेलं आहे.

त्या हिवाळ्यात तर गाड्या धुणारेच उरले नव्हते. पूर्वी इसहाक नावाचा एक बांगलादेशी महिन्याच्या बोलीवर इमारतीतल्या बारा गाड्या पुसायचा. त्याचा इकामा, म्हणजे राहून काम करायचा परवाना, कुठल्यातरी खजुराच्या बागवाल्याच्या नावावर होता आणि तो पुसत होता गाड्या. त्यामुळे नोव्हेंबरात मोठी धरपकड सुरू होण्याआधी तो बादली जिन्याखाली ठेवून जो गेला तो गेलाच. सरकारचं धोरण अगदी स्वच्छ होतं, देशातली कामं देशातल्या माणसांनी करावीत. गाड्या पुसायला मात्र देशातलं कोणी अजून पुढे सरसावलं नव्हतं, म्हणून धोरण स्वच्छ आणि गाड्या घाण अशी एकंदर परिस्थिती होती.

त्याच धोरणात प्रत्येक कंपनीला एकेक रंग वाटून दिला होता. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, नसली तर लाल, आणि मध्येच लोंबकळणाऱ्यांना पिवळा. सदानंद ज्या कंपनीत सीनियर अकाउंटंट होता ती लिफ्ट बसवायची आणि दुरुस्त करायची, आणि ती पिवळी होती. पिवळ्याचं हिरवं करायचं तर काही परदेशी माणसं कमी करणं आलं. ती कोणती, याची यादी करायला ऑक्टोबरमध्ये मुआज नावाचा नवा एचआर मॅनेजर आला होता. वय एकोणतीस, बोलायला गोड, आणि स्वतः सौदी असल्यामुळे खुर्चीत बसताक्षणीच त्याने कंपनीच्या हिरवेपणात एकाची भर घातली होती. पहिल्या महिन्यात याहून अधिक काही केल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं. सगळे त्याला मुदीर, म्हणजे अरबीत साहेब, म्हणत आणि त्याच्या केबिनवरून जाताना पाय न वाजवता जात.

अकाउंट्समधून एक नाव जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे जुनी माणसं दोनच, सदानंद आणि हैदराबादचा रहमतुल्ला. सदानंदचा इकामा फेब्रुवारीअखेर संपत होता. त्याची मुलगी स्मृती इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती. तिची बोर्डाची परीक्षा एक मार्चला सुरू होऊन एप्रिलच्या मध्याला संपायची होती आणि सेंटर रियाधचंच होतं. बापाचा इकामा गेला की बायकोचा जातो, मुलीचा जातो. म्हणजे बापाचं नाव यादीत आलं की पोरीचं वर्ष बुडालं. नोकरीचं पुढे बघता आलं असतं. सदानंदला काळजी होती ती त्या सहा आठवड्यांची.

त्याची बायको शालिनी हिला यात अवघड असं काही दिसत नव्हतं. तिचं म्हणणं, उठा, त्या मुआजकडे जा, मुलगी बारावीला आहे म्हणून सांगा आणि एप्रिलपर्यंत थांबू द्या म्हणून विनंती करा. सदानंदला हे ऐकूनच कसंनुसं व्हायचं. टिपणीसांच्या घरात आजवर कोणी कोणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. वडील महसूल खात्यात तीस वर्षं एकाच टेबलाशी बसले आणि बढतीसाठी कोणाकडे शब्द टाकला नाही म्हणून बढतीविनाच निवृत्त झाले. ही हकीकत घरात फजिती म्हणून नव्हे, पराक्रम म्हणून सांगितली जायची.

"आपण मागायचं नसतं," सदानंद म्हणाला. "आपलं काम दिसलं पाहिजे."

शालिनी म्हणाली की तुमचं काम कॉम्प्युटरच्या पोटात असतं, ते कोणाला दिसणार. सगळा घोटाळा इथेच झाला, कारण बायकोचं बोलणं सदानंदला वर्षातून एकदा पटायचं आणि त्या वर्षी ते नेमकं हे पटलं. काम दिसत नाही तर जे दिसतं ते दाखवावं, असा त्याने निष्कर्ष काढला. दिसण्याजोगं त्याच्यापाशी काय होतं? केस गेले होते, सूट एकच होता. राहिली आठ वर्षांची पांढरी कॅमरी.

मुदीरची केबिन तिसऱ्या मजल्यावर होती, आणि समोरच्या पार्किंगमधून पाहिलं की तिसऱ्या मजल्यावर डावीकडून तिसरी खिडकी तीच, हे सदानंदने बोटं मोजून पक्कं केलं होतं. मुदीर खिडकीशी येणार. खाली चाळीस मळकट गाड्या आणि त्यात एकच शुभ्र. कोणाची म्हणून विचारणार. टिपणीसची, असं उत्तर मिळणार. इतक्या थंडीत जो माणूस गाडी अशी ठेवतो तो हिशेबाची पुस्तकं कशी ठेवत असेल, असं त्याच्या मनात येणार आणि पेन आपोआप रहमतुल्लाच्या नावाकडे वळणार. हा तर्क त्याने कागदावर मांडला असता तर त्याचं त्यालाच हसू आलं असतं. पण तो त्याने पहाटे पांघरुणात मांडला, आणि पांघरुणात सगळेच तर्क बरे वाटतात.

मग सुरू झाला तो यज्ञ. रस्त्यावर पाणी सांडलं तर नगरपालिकेचा दंड, म्हणून पाइप लावायची सोय नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं गार की बोटं लाकडाची होत. गीझरचं कढत पाणी थेट काचेवर टाकावं तर गार काच तडकायची भीती. म्हणून सदानंदने कोमट पाण्याची अर्धी बादली आणि चार फडकी अशी रीत बसवली. आधी कोरड्या मऊ कपड्याने धूळ उचलायची, पुसायची नाही, कारण पुसली की रंगावर ओरखडे. मग ओलं फडकं टपापासून खाली. लगेच मागोमाग कोरडं फडकं, नाहीतर वाऱ्याने पाणी जागच्या जागी सुकून पांढरे डाग. दारांच्या रबरात साठलेली वाळू जुन्या टूथब्रशने. गुरुवारी संध्याकाळी मेणाचं पॉलिश. डिसेंबरच्या मध्यावर त्याच्या हातांना भेगा पडल्या आणि खोकला लागला. ज्याने घरात कधी स्वतःचं ताट उचलून ठेवलं नाही तो माणूस गाडीची चाकं दात घासावेत तशी घासतोय, हे शालिनी वरच्या खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

परिणाम व्हायला वेळ लागला नाही. पार्किंगमध्ये लोक थबकू लागले, गाडीभोवती फिरू लागले, वाकून टायर बघू लागले. ऑफिसात चहा पिता पिता माणसं खिडकीतून खाली बोट दाखवू लागली. सदानंद मान खाली घालून जिना चढायचा, पण कान टवकारलेले असायचे. आपलं नाव घेतलं जातंय, एवढं त्याला ऐकू येई. नावाच्या पुढे काय म्हणतात ते ऐकायची गरज त्याला वाटली नाही.

पुढे जे म्हणत होते ते साऱ्या रियाधला ठाऊक होतं आणि एकट्या सदानंदने ते डोक्यात येऊ दिलं नव्हतं. ज्याला देश सोडून जायचंय तो आधी गाडी विकतो, आणि विकायची म्हणून ती धुतो. त्या वर्षी तर निम्मी ओळखीची माणसं एक्झिटवर, म्हणजे देश कायमचा सोडायच्या व्हिसावर, चालली होती. एरवी वर्षभर न पुसलेली गाडी एखाद्या सकाळी लखलखीत दिसली की बघणाऱ्याने समजावं, याचं तिकीट निघालं. हिवाळ्यात रियाधमध्ये गाडी धुणारा एक तर जाणारा, नाहीतर नवरदेव. सदानंदकडे पाहून दुसरी शंका कोणालाच आली नाही.

त्याच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारा कादिर पहिल्यांदा बोलला. कादिर श्रीवर्धनचा, याच कंपनीत स्टोअरकीपर. स्वभावाने मोकळा, आणि बातमी पोटात ठेवली तर त्याला अपचन व्हायचं. त्याच्या स्वतःच्या गाडीवर मुलांनी बोटाने पाढे लिहिले होते.

"सदाभाऊ, गाडी दुसऱ्या कुनाला देव नका," तो म्हणाला. "पयला हक्क शेजाऱ्याचा."

आता इथे एका शब्दात नाही म्हणायचं होतं. पण सदानंदला मनातून गुदगुल्या झाल्या. आठ वर्षांच्या गाडीला मागणी येते म्हणजे काय राखली असेल. तो नुसता हसला आणि बघू म्हणाला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी शेजाऱ्याने विचारलं, त्यालाही बघू. ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, त्यांनाही बघू, आणि वर इंजिनाचा आवाज ऐकवला. माणूस आपल्या गाडीची स्तुती ऐकताना जितका मूर्ख दिसतो तितका तो पोराबाळांच्या स्तुतीनेही दिसत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कादिरची बायको बदरुन्निसा डबाभर खाजा घेऊन वर आली आणि शालिनीच्या गळ्यात पडून रडली. डोळे पुसून झाल्यावर तिने बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली, कारण मोठा कुकर म्हणे आधीच दुसऱ्या कोणी मागितला होता. शालिनीला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तिने सदानंदला समोर बसवलं आणि सांगितलं की लोक आपला संसार वाटून घ्यायला लागलेत, उद्यापासून ती बादली बंद. सदानंद म्हणाला, लोकांना बोलायला काय जातं, मुदीर काय लोकांच्या बोलण्यावर यादी करणार आहे? तिने पुन्हा एकदा हात जोडून सांगितलं की जाऊन बोला. त्याने पुन्हा एकदा वडिलांचं टेबल काढलं.

त्याच आठवड्यात बुधवारी मुदीरचं बोलावणं आलं. सदानंदने जाताना आरशात टाय नीट केला. आपली तपश्चर्या फळाला आली, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

मुआज उठून उभा राहिला, हात हातात घेतला, तब्येत विचारली, घरच्यांची तब्येत विचारली, खजूर पुढे केले आणि स्वतःच्या हाताने छोट्या पेल्यात कहावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. मग तो इंग्रजीत म्हणाला की तुमचे माझ्यावर उपकार आहेत. तुम्ही आणि रहमतुल्ला, दोघांतून एक नाव द्यायचं होतं, दोघेही चांगले, मला रात्र रात्र झोप नव्हती. मग कळलं की तुम्ही स्वतःच निघालात, गाडीसुद्धा विकायला काढली. जाणाऱ्याचं नाव दिलं तर राहणाऱ्याच्या पोटावर पाय येत नाही. रविवारी यादी मंत्रालयाच्या साइटवर चढवली. तुम्ही लवकर मोकळे व्हावेत म्हणून एक्झिट आजच काढून देतो, साठ दिवस मिळतात, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत आरामात आवराल.

मार्चच्या मध्याला स्मृतीचे निम्मे पेपर बाकी असणार होते. सदानंद पेला खाली ठेवायला गेला आणि कहावा टायवर सांडला.

मी जात नाहीये, असं तो कसाबसा म्हणाला.

मुआज गोंधळला. "पण गाडी विकताय ना?"

"नाही."

"मग या थंडीत रोज धुता कशाला?"

सवय म्हणावं, आवड म्हणावं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय म्हणावं. पण खोटं सुचायला जेवढी उसंत लागते तेवढी नव्हती.

"तुम्हाला दिसावी म्हणून," तो म्हणाला.

मुआजने आपल्या खिडकीकडे पाहिलं, म्हणून सदानंदनेही पाहिलं. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि तिच्यावर एसीची सहा यंत्रं. पार्किंग इमारतीच्या पलीकडच्या अंगाला राहिलं होतं. मुआज संकोचून म्हणाला की मी गाडी तळघरात लावतो आणि तिथूनच लिफ्टने वर येतो, तुमची गाडी मी आजवर पाहिलेली नाही, पँट्रीत चहा घेताना लोक बोलत होते तेवढं ऐकलं. डावीकडून तिसरी खिडकी ती पँट्रीची, हे सदानंदला तेव्हा कळलं. दोन महिने त्याने गाडी चमकवली होती ती चहा पिणाऱ्यांसाठी.

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, पण त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं. "मला एप्रिलपर्यंत थांबायचंय. माझी मुलगी बारावीला आहे. परीक्षा इथेच आहे. कृपा करा."

मुआजने कपाळाला हात लावला. तो रागावला नव्हता, आणि तेच सदानंदला अधिक लागलं. तो म्हणाला की मी आलो त्याच आठवड्यात रहमतुल्ला आला, मुलगी दहावीला आहे म्हणाला. स्टोअरचा कादिर आला, तीन मुलं शाळेत आहेत म्हणून इथे याच खुर्चीत रडला. वेल्डर आले, ड्रायव्हर आले. सगळ्यांनी येऊन आपापली अडचण सांगितली आणि मी ती लिहून ठेवली.

"फक्त तुम्ही आला नाहीत," मुआज म्हणाला. "मला वाटलं, या माणसाला काही अडचण नाही."

नाव परत काढता येणार नव्हतं. रविवारच्या आधी एक शब्द बोलला असतात तर, असं म्हणून मुआज थांबला आणि त्याने कॅलेंडर पुढे ओढलं. मग दोघांनी मिळून बोटं मोजली. एक्झिट आज काढला तर साठ दिवस मार्चमध्येच संपतात. इकाम्याच्या शेवटच्या दिवशी, फेब्रुवारीअखेर काढला तर एप्रिल पुरा मिळतो. मुआजने सदानंदची फाइल टेबलावरून उचलून सर्वांत खालच्या खणात टाकली आणि सांगितलं की हे काम आता माझ्याकडून जरा रेंगाळणार आहे, सरकारी कामात रेंगाळण्याबद्दल आजवर कोणी कोणाला जाब विचारलेला नाही. एवढंच माझ्या हातात आहे, असंही म्हणाला. सदानंदने त्याचे दोन्ही हात धरले.

बाहेर रहमतुल्ला उभा होता. त्याने सदानंदला मिठी मारली आणि तो म्हणाला, भाई, आप का एहसान मरते दम तक नहीं भूलूंगा, आप खुद से हट गए. सदानंदने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्याला काही सांगितलं नाही. दोन महिने या माणसाच्या नावाकडे मुदीरचं पेन वळावं म्हणून आपण पहाटे उठत होतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार होता?

घरी स्मृती पांघरूण गुंडाळून केमिस्ट्री घेऊन बसली होती. त्याने बसून दोघींना सगळं सांगितलं, पँट्रीच्या खिडकीसकट. स्मृतीने एकच विचारलं, "बट बाबा, मेरा बोर्ड तो यहीं होगा ना?" होईल, तो म्हणाला. तिने मान हलवली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पण पान काही उलटलं नाही.

मग शालिनीने विचारलं, "मागायला किती वेळ लागला?"

सदानंदने विचार केला. त्याला खरं उत्तर द्यायचं होतं.

"दोन मिनिटं," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. चौदा वर्षांची नोकरी गेली याचं दुःख होतंच, पण ती कशाने गेली याची लाज त्याहून मोठी होती.

शालिनीने कपाटातून व्हॅसलीनची डबी आणली, त्याचे भेगाळलेले हात आपल्या मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला लावत बसली. हीच दोन मिनिटं ऑक्टोबरात काढली असती तर, हे वाक्य तिच्या ओठांवर आलेलं त्याला स्पष्ट दिसत होतं. ते तिने उच्चारलं नाही. एवढे उपकार तिने केले, त्याने न मागता.